जुन्या बाजारातून घर लावताना

गाझियाबादला बदली झाल्याचे पत्र हातात पडले की दोन आकडे समोर येतात. एक, सांगलीहून किंवा नागपूरहून सामान आणण्याचे ट्रकभाडे. दुसरा, इथे येऊन सगळे नवे घेण्याचा खर्च. साहिबाबादच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये, हिंडनच्या हवाई दलाच्या तळावर, इंदिरापुरमला सीआयएसएफच्या तुकडीत किंवा रोज मेट्रोने दिल्लीच्या कचेरीत जाणारी मराठी कुटुंबे बहुधा तीन-चार वर्षांसाठीच येतात. तेवढ्यासाठी नवे डायनिंग टेबल घ्यायचे का, हा प्रश्न म्हणूनच साधा नाही.

आधी हिशेब करू. आकडे समजुतीसाठी धरलेले आहेत, तुमचे तुम्ही घाला. समजा, चार खुर्च्यांसह नवे टेबल 14,000 रुपयांना आहे. तसेच वापरलेले टेबल 4,500 ला मिळते. टेम्पोचे 900, सुताराने दोन खुर्च्यांचे सांधे घट्ट करण्याचे 1,100 आणि पॉलिशचे 500 धरले की ते घरात उभे राहीपर्यंत 7,000 होतात. इथेच पुष्कळजण फसतात. ‘साडेचार हजारांत टेबल आणले’ असे ते सांगतात आणि उरलेले अडीच हजार कुठल्याच वहीत नोंदत नाहीत. आपल्याकडे याला चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात. इथे मसाला कोंबडीपेक्षा महाग नाही, म्हणून सौदा चांगला. पण तो चांगला आहे हे बेरीज केल्यावरच कळते.

आता तीन वर्षांनी पुन्हा बदली होते. जुने टेबल 3,000 ला जाते, नवे घेतलेले 5,000 ला. म्हणजे जुन्या टेबलाचा खरा खर्च 4,000, महिन्याला साधारण 111 रुपये. नव्याचा 9,000, महिन्याला 250. वस्तू वापरण्याचा महिन्याचा भाव काढायची ही सवय एकदा लागली की ‘स्वस्त’ आणि ‘महाग’ हे शब्द वेगळेच दिसू लागतात. लाकडी टेबलाची किंमत पहिल्या मालकाच्या घरी सर्वांत जास्त उतरते. ती घट त्याने सोसलेली असते, तुम्ही नाही.

इंग्लंडमध्ये हा बाजार धर्मादाय दुकानांतून चालतो. लोक कपडे, पुस्तके, भांडी देऊन जातात, स्वयंसेवक त्यांवर किमतीच्या चिठ्ठ्या लावतात आणि आलेला पैसा संस्थेच्या कामाला जातो. ऑक्सफॅमचे ऑक्सफर्डच्या ब्रॉड स्ट्रीटवरचे दुकान 1940 च्या दशकातले आहे. आपल्याकडे दिलेले कपडे सहसा अशा दुकानात जात नाहीत. 1999 मध्ये अंशू गुप्ता यांनी दिल्लीत सुरू केलेली ‘गूंज’ ही संस्था शहरातले जुने कपडे आणि सामान गोळा करून गावांकडे नेते, आणि गावकऱ्यांनी विहीर, रस्ता, बांध असे स्वतःच्या गावाचे काम केले की त्याचा मोबदला म्हणून ते देते. गुप्तांना 2015 मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. तेव्हा गूंजला कपडे द्यायला जा, घ्यायला नव्हे.

घेण्याची जागा निराळी. बोहारीण तुम्हाला माहीत आहे, जुन्या साड्यांवर स्टीलचे पातेले देणारी. दिल्ली परिसरातही हाच व्यवहार चालतो. मूळच्या गुजरातच्या वाघरी समाजातल्या बायका डोक्यावर भांडी घेऊन वसाहतींत फिरतात आणि गोळा झालेले कपडे पश्चिम दिल्लीतल्या रघुबीर नगरच्या बाजारात भल्या पहाटे विकायला नेतात. तिथून ते धुऊन, शिवून, इस्त्री होऊन फुटपाथवरच्या ढिगांत आणि आठवडी बाजारांत येतात. अगदीच फाटलेले लोकरी कपडे पानिपतला पोचतात. तिथे त्यांचे तंतू काढून पुन्हा सूत होते आणि त्याची घोंगडी विणली जातात. डिसेंबरमध्ये इथली थंडी पहिल्यांदा अनुभवणाऱ्या कोल्हापूरकराला हे ढीग देवासारखे वाटतात. पोरांचे स्वेटर पुढच्या वर्षी आखूड होणारच असतात. ते नवे घेण्यात काय अर्थ आहे, मला कधीच कळलेले नाही.

पुस्तकांसाठी रविवार राखून ठेवा. दर्यागंजचा जुन्या पुस्तकांचा बाजार 2019 मध्ये फुटपाथवरून हलला आणि असफ अली रोडवरच्या महिला हाटमध्ये भरू लागला. गाझियाबादच्या शहीद स्थळ स्थानकावरून रेड लाइनने कश्मीरी गेट, तिथून व्हायलेट लाइनने दिल्ली गेट, मग थोडे चालायचे. स्पर्धा परीक्षांची पुस्तके, शब्दकोश, मुलांची चित्रांची पुस्तके असा सगळा माल असतो, आणि काही विक्रेते किलोच्या भावाने देतात. किलोवर विकणाऱ्याला पुस्तकाचे नाव महत्त्वाचे नसते, तुम्हाला असते. जुन्या बाजाराचा खरा आनंद या तफावतीत आहे. तासभर ढीग उपसल्यावर, नवी घ्यायला परवडली नसती अशी जाड कोशाची प्रत हाती लागते. आत कुणीतरी जांभळ्या शाईने नाव घातलेले असते. त्या दिवशी परतीच्या मेट्रोत उभे राहावे लागले तरी चालते. हा आनंद फुकटचा आहे आणि त्याला बचतीच्या पुस्तिकेत जागा आहे, कारण मॉलमध्ये घालवलेल्या रविवारचा खर्च तुम्हाला ठाऊकच आहे.

पण याच आनंदात खड्डाही आहे. शोधण्याची चटक लागते. ‘अडीचशेचा शर्ट साठात मिळाला’ म्हणून तीन शर्ट घरी येतात, आणि कपाटात आधीचे आठ असतात. गरज नसताना घेतलेल्या वस्तूवर एकशेनव्वद रुपये वाचत नाहीत, साठ रुपये जातात. यावर उपाय जुनाच आहे, खिशातली चिठ्ठी. काय हवे, किती मापाचे आणि जास्तीत जास्त किती रुपयांचे, हे घरून लिहून न्यावे. फर्निचरसाठी टेपही न्यावा. राजनगर एक्स्टेन्शनच्या उंच इमारतींत राहणाऱ्यांनी आधी लिफ्टचे दार मोजावे. चौदाव्या मजल्यावर कपाट जिन्याने चढवायचे हमाल जे मागतात, त्यात सौद्याचा सगळा नफा जातो.

लाकडी सामान बघायचे असेल तर लाजपत नगरजवळची अमर कॉलनी प्रसिद्ध आहे. पण शेजारच्या सोसायटीतून बदली होऊन निघालेल्या कुटुंबाकडून घेतलेले सामान अनेकदा जास्त स्वस्त पडते, कारण त्यांना तारीख गाठायची असते. कुठूनही घ्या, वस्तू उलटी करून बघा. पायांच्या तळाशी बारीक भुसा किंवा मातीच्या रेघा दिसल्या तर कीड किंवा वाळवी समजा. फळीवर टकटक करून पोकळ आवाज आला तर सोडून द्या. गादी, उशी आणि कापडी सोफा जुना घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. ढेकूण एकदा घरात शिरले की औषध फवारणाऱ्याचे बिल सोफ्याच्या किमतीएवढे होऊ शकते. कपडे घरात नेण्यापूर्वी पिशवीतच ठेवा आणि झेपतील ते गरम पाण्यात धुवा. हेल्मेट, गॅसचा रेग्युलेटर आणि नळी, प्रेशर कुकर या वस्तू जुन्या घेऊच नयेत, फुकट मिळाल्या तरीही. हेल्मेटला आतून तडा गेला असेल तर बाहेरून दिसत नाही.

फ्रिजचे गणित वेगळे असते. समजा, जुना फ्रिज वर्षाला 500 युनिट खातो आणि नवा 200. युनिट 6 रुपये धरले तर वर्षाला 1,800 रुपयांचा फरक पडतो, तीन वर्षांत 5,400. चार हजारांत मिळालेला फ्रिज मग तेवढा स्वस्त उरत नाही. मागच्या बाजूला उत्पादनाचे वर्ष आणि ऊर्जेच्या ताऱ्यांचे लेबल बघितल्याशिवाय भावाची गोष्टच काढू नका.

आता मोबाइल, जिथे नुकसान फक्त पैशांचे नसते. चोरीचा माल आहे हे माहीत असून, किंवा तसे मानायला कारण असूनही, तो घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 317 खाली गुन्हा आहे. वीस हजारांचा फोन कुणी चार हजारांत, बिलाशिवाय, बसस्टँडवर देत असेल तर ‘मला काय माहीत’ हे उत्तर पुरत नाही. फोन हातात घेऊन स्टार-हॅश-06-हॅश दाबा, 15 अंकी आयएमईआय क्रमांक दिसेल. केवायएम ही तीन इंग्रजी अक्षरे, मग एक जागा सोडून तो क्रमांक, असा संदेश 14422 वर पाठवला की फोन काळ्या यादीत आहे का, एकच क्रमांक अनेक फोनवर आहे का, हे कळते. ‘संचार साथी’ या सरकारी संकेतस्थळावरही हे बघता येते. फोन ठीक निघाला तरी मूळ बिल आणि विकणाऱ्याच्या सहीची पावती घ्या. दोन मिनिटांचे काम आहे, पण लाजेखातर बरेच जण टाळतात.

दुसरा धोका तुम्ही विकायला बसता तेव्हाचा. जाताना टेबलाची जाहिरात ऑनलाइन टाकता. तासाभरात फोन येतो. माणूस गोड बोलतो, भावावर घासाघीस करत नाही, आपण लष्करात आहोत आणि आजच आगाऊ रक्कम भरतो असे सांगतो. मग एक क्यूआर कोड पाठवून म्हणतो, ‘हा स्कॅन करा आणि पिन टाका, पैसे खात्यात येतील.’ इथे थांबा. पैसे मिळवण्यासाठी पिन कधीही लागत नाही. पिन लागतो तो फक्त पैसे देताना. ज्याने वस्तू न बघता पूर्ण भाव कबूल केला, त्याच्याबद्दल शंका घ्यायला तेवढे कारण पुरे आहे. चुकून पैसे गेलेच तर लगेच 1930 वर फोन करा आणि बँकेला कळवा. पहिल्या काही तासांत पुढच्या खात्यातली रक्कम गोठवता येण्याची शक्यता जास्त असते.

घासाघीस कुठे करायची, हेही सांगायला हवे. दुकानदाराशी जरूर करा. ‘भैया, सही लगाओ’ म्हणायला शिका, दोनदा निघून जाण्याचा आव आणा. डोक्यावर पाटी घेऊन चार मजले चढून आलेल्या बाईशी शेवटच्या दहा रुपयांसाठी करू नका. तिचा नफा तुम्हाला दिसत नाही एवढा बारीक असतो.

टेबलावरचे 7,000 रुपये वाचले. ते आता कुठे आहेत? बहुधा कुठेच नाहीत. ते खात्यात वेगळे काढले नाहीत तर महिन्याच्या खर्चात विरघळतात, आणि वर्षअखेरीस जुने सामान वापरूनही शिल्लक नवे घेणाऱ्याएवढीच राहते. म्हणून खरेदी झाली त्याच दिवशी फरकाची रक्कम बाजूला टाका. टपाल खात्याचे पाच वर्षांचे आवर्ती ठेव खाते महिना 100 रुपयांपासून उघडता येते. ऑक्टोबर 2023 पासून त्यावर 6.7 टक्के दर लागू झाला. सरकार दर तिमाहीला दर जाहीर करते, म्हणून उघडण्याच्या दिवशी खिडकीवर विचारून घ्या. उघडताना असलेला दर मुदतभर राहतो. त्या दराने महिना 500 भरले तर पाच वर्षांत 30,000 जमा होतात आणि हाती सुमारे 35,683 येतात. बदली झाली तर खाते नव्या गावच्या टपाल कार्यालयात हलवता येते. तीन वर्षांनंतर मुदतीआधी बंद करता येते, पण मग बचत खात्याचाच व्याजदर मिळतो, एवढे लक्षात ठेवा.

करून बघा: वहीत एका पानावर पाच रकाने आखा. वस्तू, नव्याचा भाव, घरात पोचेपर्यंतचा एकूण खर्च, फरक आणि फरक खात्यात भरल्याची तारीख. गेल्या वर्षभरात जुनी घेतलेली प्रत्येक वस्तू आठवून लिहा, स्वेटरपासून सायकलपर्यंत. पाचवा रकाना किती ठिकाणी भरता येतो ते बघा.