सक्शनच्या नळीचा बंदोबस्त

दंतचिकित्सालयातील जी उपकरणे रुग्णाच्या दृष्टीस पडतात ती रोज पुसून लख्ख ठेवण्याचा शिरस्ता सर्वत्र पाळला जातो. परंतु लाळ, रक्त आणि दातांचा चुरा ओढून नेणाऱ्या सक्शनच्या नळीचे अंतरंग कोणालाच दिसत नसल्यामुळे तिची तजवीज सर्वांत शेवटी होते. धुळ्यात व्यवसाय करणाऱ्या एका स्नेह्यांनी ऐन वैशाखात मला बोलावून घेतले, तेव्हा सक्शन मंदावले होते, खोलीत कुबट दर्प दाटला होता आणि मिस्त्रीने सारा दोष कंप्रेसरवर ठेवून मोठ्या खर्चाचा अंदाजही दिला होता. फिल्टरची जाळी उघडली, तो गोठलेले रक्त, पॉलिशची भुकटी आणि कापसाचे बोळे यांचा चिकट थर निघाला. खानदेशात कापूस कोठेही पिकतो, असे म्हणून आम्ही हसलो खरे.

मात्र त्याहून गंभीर बाब निराळीच होती. लाळ ओढणाऱ्या नळीभोवती ओठ मिटण्यास रुग्णाला सांगण्याची सवय पुष्कळ ठिकाणी आहे. ओठ मिटताच तोंडातील दाब नळीतील दाबाहून कमी होऊ शकतो, आणि आधीच्या रुग्णाचा नळीत राहिलेला द्रव उलट वाहून पुढच्याच्या तोंडात येऊ शकतो. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने 2003 च्या मार्गदर्शक सूचनांत या परतप्रवाहाची दखल घेतली आहे. टोक प्रत्येकाला नवे दिले तरी मागची नळी तीच असते; म्हणून ओठ मिटू देऊ नयेत, आणि दोन रुग्णांच्या मध्ये तीतून स्वच्छ पाणी ओढून घ्यावे.

सायंकाळी सक्शनसाठीच बनविलेले, फेस न होणारे सौम्य द्रावण ओढावे, मधूनमधून नळी वर उचलून हवाही घ्यावी, म्हणजे पाण्याच्या खळबळीने आतली भिंत घासली जाते. कढत पाणी वर्ज्य, कारण त्याने रक्तातील प्रथिने गोठून चिकटतात. साबणाचा फेस मोटरपर्यंत पोचतो. आणि ब्लीचने धातूचे भाग गंजतातच, शिवाय ‘चांदी’ म्हणून भरलेल्या दातांच्या चुऱ्यातील पारा सुटून गटारात जातो, ज्या पाऱ्याला आवर घालण्यासाठी 2013 साली मिनामाता करार झाला. जाळीतला असा चुरा बेसिनमध्ये न धुता झाकणाच्या बरणीत वेगळा ठेवावा.

रविवारी दवाखाना बंद राहणार असेल, तर शनिवारचे धुणे डॉक्टरांनी स्वतः उभे राहून करवून घ्यावे; त्या संध्याकाळी मदतनिसाला घरी जाण्याची घाई असते.