गाणी, आरसा आणि नातीचे ताट



आपल्यापैकी अनेकांची मुले नोकरीनिमित्त आखातात आहेत. माझ्या परिचयाच्या एक आजी बहरीनला, मनामा शहरात मुलाकडे तीन महिने राहून आल्या. तिथे सुट्टी शुक्रवार-शनिवारची, त्यामुळे शब्बाथच्या जेवणाला सारे घर एकत्र असे. आजींच्या लक्षात आले की तेरा वर्षांची नात मासळीचे कालवण नुसते ढवळते आणि अर्धी चपाती खाऊन उठते. मग खोलीत मोबाईलवर गाणे लावून आरशासमोर नाचते, मधेच थांबून पोट आत ओढून पाहते.

एके दुपारी शाळेतून आल्यावर ती चक्कर येऊन पडली, तेव्हा सारे बाहेर आले. मैत्रिणींनी एका गाण्यावर नाचाचा व्हिडिओ केला होता. हिची कंबर गाण्यातल्या मुलीसारखी नाही म्हणून हिला मागे उभे केले होते. आजी समजूत घालू लागल्या, तर नात म्हणाली, “आजी, तू पण मला फोनवर टुनटुनच म्हणायचीस ना?”

हे सांगताना आजींचा आवाज दाटून आला होता.

टुनटुन म्हणजे कोण, हे आपल्या पिढीला सांगायला नको. पण तिचे खरे नाव उमादेवी, आणि ती आधी गायिका होती. १९४७ च्या ‘दर्द’ चित्रपटातील तिच्या गाण्याने सारा देश वेडा झाला होता. पुढे ती पडद्यावर आली आणि विनोदी भूमिकांतच अडकली. लोक तिचा गळा विसरले आणि तिचे नाव जाड मुलींना चिडवण्यासाठी वापरू लागले. ‘गोरी गोरी पान’ हे गदिमांचे गाणे आपण किती प्रेमाने गायलो! पण त्या घरात एखादी सावळी मुलगी बसली असेल, तर तिला काय वाटले असेल, हे आपण कधी विचारले नाही.

म्हणजे गाण्यातून रूप मोजणे नवे नाही. फरक इतकाच, की आपण गाणे रेडिओवर ऐकत होतो. आजची मुले तेच गाणे दिवसातून वीस वेळा बघतात, आणि त्यातले शरीर निवडलेले, रंगवलेले, यंत्राने बारीक केलेले असते. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ऑस्ट्रेलियन प्रयोगात काही तरुणींना सडपातळ शरीरांवर भर देणारी गाण्यांची चित्रफीत दाखवली. ती पाहिल्यावर त्यांची स्वतःच्या शरीराविषयीची नाराजी वाढली.

लोक विरोधही करतात. २०२० मध्ये ‘खाली पीली’ या हिंदी चित्रपटातील गाण्यात ‘गोऱ्या’ नायिकेला पाहून बियॉन्से ही कृष्णवर्णीय गायिका लाजेल, अशी कल्पना होती. त्यावर इतकी टीका झाली की निर्मात्यांना शब्द बदलावे लागले. त्याच वर्षी ‘फेअर अँड लव्हली’ क्रीमच्या नावातून ‘फेअर’ गेले.

मग वजनाकडे पाहायचेच नाही का? पाहायचे. बहरीनमध्ये उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जातो, मुले घरात आणि गाडीतच असतात, आणि मधुमेह तिथेही आहे, आपल्या घराघरांतही आहे. पण रक्तातील साखर, रक्तदाब, जिना चढताना लागणारा दम ही आरोग्याची मापे झाली. गाण्यातली कंबर हे माप नव्हे. वाढत्या वयाच्या मुलीने जेवण टाळले तर लोह, कॅल्शियम आणि ताकद कमी पडते.

आजी-आजोबांनी एवढे करावे:

१. नातवंडांना जाडी, काळी, सुकडी अशी नावे प्रेमानेही ठेवू नयेत. घरच्यांनी वजनावरून चिडवलेली मुले पुढे उपाशी राहणे किंवा चोरून खाणे याकडे अधिक वळतात, असे अनेक अभ्यासांत दिसले आहे.

२. भेटताच “बारीक झालीस” किंवा “सुटलीस” म्हणण्याऐवजी “नवीन काय शिकलीस?” असे विचारावे.

३. गाणे बंद करू नये. सोबत बसून पाहावे आणि विचारावे, “ही मुलगी खरंच अशी दिसत असेल का गं?”

४. जेवण टाळणे, जेवताच न्हाणीघरात जाणे, चक्कर, केस गळणे, सतत थंडी वाजणे, पाळी थांबणे, यांपैकी काही दिसल्यास आई-वडिलांना सांगून डॉक्टरांकडे न्यावे. रागावू नये.

५. स्वतःलाही तोच नियम लावावा. “म्हातारपणी बारीक झालात, छान दिसता,” असे कोणी म्हटले तर हुरळून जाऊ नये. प्रयत्न न करता सहा ते बारा महिन्यांत वजन शेकडा पाचने, म्हणजे साठ किलोच्या माणसाचे तीन किलोने उतरले, तर तपासणी करून घ्यावी.

बहरीनमध्ये गाण्याची दुसरी परंपराही आहे. मोती काढणाऱ्या पाणबुड्यांच्या ‘फिजिरी’ गाण्यांना २०२१ मध्ये युनेस्कोने मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतले. ढोल, टाळ्या आणि मातीच्या घड्यांच्या ठेक्यावर ती गातात. त्यांत समुद्रावरचे कष्ट आहेत. ती गाणारी शरीरे दोर ओढणारी, श्वास रोखून तळ गाठणारी होती.

परतण्याआधी आजींनी नातीची माफी मागितली. “तुला मी टुनटुन म्हणत होते, पण तिचा आवाज कधी ऐकवलाच नाही,” असे म्हणून त्यांनी मोबाईलवर उमादेवींचे ते जुने गाणे लावून घेतले. नातीने ते दोनदा ऐकले. त्या शुक्रवारी तिने पूर्ण चपाती खाल्ली, आणि आजींनी त्यावर एक शब्दही काढला नाही.