बाळंतपणाच्या रजेचा अर्ज करताना

डॉक्टरांनी प्रसूतीची अपेक्षित तारीख सांगितली की ती लेखी मागून घ्या. पुढचा सगळा हिशेब याच तारखेवर चालतो. तिच्या आधीच्या 12 महिन्यांत त्या मालकाकडे किमान 80 दिवस काम भरलेलं हवं. पगारी सुट्ट्याही त्यात मोजल्या जातात. कंत्राटदारामार्फत कामावर असाल तरी हक्क तोच. म्हणून पगाराच्या स्लिपा आणि हजेरीचे पुरावे आतापासूनच घरी आणून ठेवा.

पगारातून ई.एस.आय. कापला जातो का, तेही पाहा. जात असेल तर रजेचे पैसे मालक नाही, ई.एस.आय. महामंडळ देतं, तिथे 70 दिवसांच्या वर्गणीची अट आहे.

रजा लागायच्या आधीचा काळ बहुतेकजणी सोसून काढतात. दुकानात दिवसभर उभं राहणाऱ्या किंवा कारखान्यात पेट्या उचलणाऱ्या बाईने तो मुळीच सोसू नये. प्रसूतीच्या आधीचे सहा आठवडे आणि त्याही आधीचा एक महिना, एवढ्या काळात जड किंवा तासन्‌तास उभं राहण्याचं काम नको, असं तुम्ही मागू शकता. हलकं काम दिलं म्हणून पगार कापता येत नाही. मात्र हे तोंडी सांगून भागत नाही. चार ओळींचा अर्ज लिहा, तारीख घाला आणि दुसऱ्या प्रतीवर सही-शिक्क्यासह पोच घ्या. ‘साहेबांना सांगितलंय’ याला पुढे कोणी विचारत नाही.

रजेची सूचनाही अशीच लेखी द्या. कोणत्या तारखेपासून येणार नाही, पैसे कोणाच्या नावे द्यायचे आणि या काळात दुसरीकडे काम करणार नाही, एवढं त्यात हवं. रजा 26 आठवड्यांची. त्यांतले जास्तीत जास्त आठ प्रसूतीआधी घेता येतात. दोन मुलं हयात असतील तर एकूण 12, आधीचे सहा. 1961 चा मातृत्व लाभ कायदा 21 नोव्हेंबर 2025 पासून सामाजिक सुरक्षा संहितेत गेला, पण हे आकडे तेच राहिले. सूचना द्यायची राहून गेली तरी हक्क बुडत नाही. बाळंतपणानंतर लगेच द्या.

मालकाने द्यायच्या पैशांपैकी आधीच्या काळाचे गरोदरपणाचा दाखला दिल्यावर आगाऊ मिळतात, उरलेले जन्माचा पुरावा दिल्यापासून 48 तासांत. गर्भपात झाला तर सहा आठवड्यांची पगारी रजा आहे. त्या दुःखात ती मागायची कोणाला आठवण राहत नाही, म्हणून घरच्यांनी मागावी.

कामावर परतल्यावर बाळ 15 महिन्यांचं होईपर्यंत दिवसातून दोनदा पाजण्यासाठी सुट्टी घ्या.

रजेवर असताना कोणी राजीनामा लिहून मागितला तर सही करू नका. या काळात कामावरून काढणं बेकायदा आहे. काढलंच, तर 60 दिवसांच्या आत कामगार खात्याकडे दाद मागा आणि पोच घेतलेल्या त्या प्रती सोबत न्या.