तलफ आणि मेंदूवरील चुंबकीय उपचार

'उद्यापासून विडी बंद' असा निश्चय अनेक जण करतात. दुसऱ्या दिवशी सकाळचा चहा होतो आणि हात आपोआप खिशाकडे जातो. मग घरची माणसे म्हणतात, 'याच्या मनात जोरच नाही.' पण व्यसन हा केवळ मनाचा दुबळेपणा नाही. तो मेंदूचा आजार आहे, आणि तलफ हे त्याचे मुख्य लक्षण.

तलफ का येते?

तंबाखू, दारू, गर्द यांमुळे मेंदूत डोपामिन हे रसायन वाढते व सुखाची जाणीव होते. चहाचा कप, ठराविक मित्र, पानाची टपरी यांची सांगड मेंदू त्या सुखाशी घालतो. पुढे नुसती टपरी दिसली तरी तलफ उठते. कपाळामागील मेंदूचा भाग एरवी अशा ओढीला लगाम घालतो. दीर्घ व्यसनात तो लगाम सैल पडतो.

मेंदूत खोलवर 'इन्सुला' नावाचा भाग आहे. अमेरिकेतील संशोधकांनी २००७ साली मेंदूला इजा झालेल्या ६९ धूम्रपान करणाऱ्यांची माहिती तपासली. इन्सुलाला इजा झालेल्या १९ पैकी १२ जणांची सिगारेट अगदी सहज सुटली होती. त्यांना पुन्हा ओढच वाटली नाही. तलफेत या भागाचा मोठा वाटा आहे, हे त्यातून लक्षात आले.

उपचार कसा करतात?

या उपचाराला 'टीएमएस' म्हणतात. याचे यंत्र इंग्लंडमधील शेफील्ड येथे अँथनी बार्कर व सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये तयार केले. डोक्याजवळ तारेचे वेटोळे धरून त्यातून विजेचे क्षणिक झोत सोडतात. त्यामुळे चुंबकीय क्षेत्र निर्माण होते, ते कवटीतून आत जाते आणि तेथील पेशींना चालना देते. ही 'शॉक ट्रीटमेंट' नव्हे. भूल द्यावी लागत नाही, झटके आणले जात नाहीत. रुग्ण जागा राहून खुर्चीत बसतो. टकटक आवाज होतो, म्हणून कानात बोळे घालतात. काहींचे डोके दुखते.

गुण किती येतो?

सिगारेट ओढणाऱ्या २६२ जणांवर अशी एक चाचणी झाली. तीन आठवडे रोज आणि पुढे तीन आठवडे आठवड्यातून एकदा उपचार दिले. १८ आठवड्यांच्या काळात सलग चार आठवडे सिगारेटपासून दूर राहिलेले लोक खऱ्या उपचारात शंभरी सुमारे १९, तर लुटुपुटीच्या उपचारात सुमारे ९ होते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ऑगस्ट २०२० मध्ये प्रौढांची सिगारेट सोडवण्यास मदत म्हणून या उपचाराला परवानगी दिली.

म्हणजे फायदा दुप्पट, पण शंभरातील ८० जणांना हवा तो गुण आला नाही, हेही ध्यानात ठेवावे. शिवाय ही चाचणी सिगारेटची होती. मळलेल्या तंबाखूची किंवा मिश्रीची नव्हे. दारू, कोकेन व गर्द यांवर अभ्यास झाले आहेत, परंतु खात्रीचा उपचार म्हणावा एवढा पुरावा हाती नाही. म्हणून 'यंत्राने व्यसन कायमचे घालवतो' असे सांगणाऱ्याच्या भरवशावर शेत गहाण टाकू नये.

कोणी सावध राहावे?

फेफरे येणाऱ्यांनी, डोक्यात धातूची क्लिप किंवा कानात यंत्र बसवलेल्यांनी आणि पेसमेकर असणाऱ्यांनी ते डॉक्टरांना आधी सांगावे. अशांना हा उपचार धोक्याचा ठरू शकतो. क्वचित निरोगी माणसालाही फेफरे येऊ शकते.

आज काय करावे?

समुपदेशन, निकोटिनचे च्युइंगगम आणि डॉक्टरांनी दिलेली औषधे हे पुराव्यावर टिकलेले उपाय आहेत. जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभागात चौकशी करावी. तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६ आणि मानसिक आरोग्यासाठी १४४१६ या सरकारी क्रमांकांवर फुकट सल्ला मिळतो. रोज भरपूर दारू पिणाऱ्याने मात्र ती एकाएकी बंद करू नये. झटके येऊन जिवावर बेतू शकते. डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडावी.

तलफ बहुधा काही मिनिटांत ओसरते. तेवढा वेळ घोटभर पाणी प्यावे, चार पावले चालावे, कोणाशी तरी बोलावे. घरच्यांनीही त्या वेळी टोमणा न मारता सोबत बसावे. मधुमेह्याला आपण साखरेवरून हिणवत नाही. मग व्यसनी माणसालाच का हिणवावे?