जपानी 'हाय' म्हणजे होकारच असं नाही

जपानी भाषेच्या पहिल्याच धड्यात आपण पाठ करतो, 'हाय' म्हणजे 'हो'. पण तोक्योतल्या बैठकीत समोरचा माणूस वाक्यावाक्याला 'हाय, हाय' म्हणतो, तेव्हा बऱ्याचदा तो 'ऐकतोय' एवढंच सांगत असतो; आपल्या 'हं, हं'सारखं. या हुंकारांना जपानीत 'आइझुची' म्हणतात. तेवढ्यावर सौदा पक्का धरून माल तयार करायला घेतलात, तर पंचाईतच!

नकार तर फारच मऊ. 'केन्तो शिमासु', म्हणजे 'विचार करून बघतो'. किंवा दातांतून हवा आत ओढत नुसतं 'चोत्तो...', म्हणजे 'जरा...'. वाक्य तिथंच सोडतात, पुढचं आपण ओळखायचं. आपल्याकडे स्थळाला 'पत्रिका जुळत नाही' कळवतात ना, तसंच. म्हणून बैठकीनंतर नग किती, तारीख कोणती, हे लेखी विचारून घ्या.