खारट जमिनीतील भात

समुद्राचे पाणी शेतात शिरले म्हणजे भाताचे पीक करपू लागते. मिठातील सोडियम मुळांवाटे शोषले जाऊन पानांत साठते व त्यांचे कार्य बिघडविते. परंतु बंगालमधील ‘नोना बोक्रा’ हा जुना वाण अशा जमिनीतही तग धरतो. याचे कारण काय?

पेशीच्या पातळ पटलात काही प्रथिने असतात. ती द्वारपालाप्रमाणे ठराविक द्रव्यांनाच ये-जा करू देतात. असेच एक प्रथिन जलवाहिन्यांतून वर चढणाऱ्या रसातील सोडियम काढून लगतच्या पेशींत घेते. त्यामुळे पानांपर्यंत ते थोडेच पोहोचते. इतर भातांपेक्षा या वाणातील प्रथिन अधिक कार्यक्षम आहे. २००५ साली शास्त्रज्ञांनी त्याचे जनुक ओळखले. शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जपलेले बियाणे नष्ट झाले असते, तर हा शोध कशाच्या आधारे लागला असता?