मशीनची पिन कुठल्या भोकात आहे, बघितलं का?



"मशीन ओढत नाही, आता जास्त एचपीचं घ्यावं लागणार." हंगामात हे कानावर येतंच. जास्त एचपी म्हणजे कर्ज आलं, पेट्रोल वाढलं आणि मागच्या फळीवर वजनही वाढलं. त्याआधी एक बिनखर्चाची गोष्ट बघा, ती म्हणजे मशीनचा पाण्यात जाणारा पाय किती कोनात आहे. यालाच ट्रिम म्हणतात.

लहान मशीनला बटण नसतं. फळीला पकडणाऱ्या ब्रॅकेटमध्ये ओळीनं भोकं असतात आणि त्यात एक आडवी पिन असते. पाय त्या पिनवर टेकतो. पिन फळीच्या जवळच्या भोकात टाकली की पाय आत येतो, पंखा होडीचा मागचा भाग उचलतो आणि नाळ खाली दबते. पिन लांबच्या भोकात टाकली की पाय बाहेर जातो आणि नाळ वर उठते. दुकानातून मशीन आलं तेव्हा पिन जिथे होती तिथेच पुष्कळांची वर्षानुवर्षं राहते. दुकानदाराला काय माहीत तुमची होडी केवढी आणि जाळी कुठं ठेवता!

चालत्या होडीत पंख्याच्या वरची आडवी पट्टी पाण्याला समांतर हवी. म्हणजे पंख्याचा सगळा जोर होडी पुढे ढकलण्यात जातो, वर किंवा खाली ढकलण्यात नाही. किनाऱ्यावर उभ्या होडीत हे कळत नाही, कारण चालताना होडीची बसण बदलते. म्हणून नेहमीचं वजन भरून, नेहमीच्या रेसवर, सपाट पाण्यात बघायचं.

नाळ दबली असेल तर पाणी पुढच्या बाजूलाच फाटतं, हॅण्डल जड लागतं आणि होडी सरळ न जाता नाक इकडेतिकडे फिरवते. नाळ जास्त वर असेल तर तांडेलला समोरचं दिसत नाही, मागचा भाग पाण्यात बसतो आणि लाटेवर तळ आपटतो. वेगवान होडी असेल तर नाक एका तालात वर-खाली होतं. पाय फारच बाहेर गेला तर वळणावर पंखा हवा ओढतो, मशीन जोरात रेस होतं पण होडी जागची हलत नाही.

पिन बदलायच्या आधी वजन बदलून बघा. बर्फाची पेटी, पेट्रोलचे कॅन, ओली जाळी, दोन खलाशी, सगळं मागं गोळा झालं असेल तर पिन तरी काय करणार? वजन मधे आणा. तरी फरक नाही पडला तर मशीन बंद करा, पाय वर उचलून अडकवा, पिन एकच भोक सरकवा, तिचं लॉक नीट बसलंय का बघा आणि परत चालवा. एकदम दोन भोकं नकोत. पिनेशिवाय तर मशीन चालवूच नका, पाय आत जाऊन होडी अचानक नाक खुपसते.

एवढं करूनही पंखा हवा ओढत असेल तर मशीनची उंची मोजा. ती आडवी पट्टी होडीच्या तळाच्या बरोबरीनं किंवा फार तर इंचभर खाली असावी. शॉर्ट शाफ्ट मशीन 15 इंची फळीला आणि लाँग शाफ्ट 20 इंचीला असतं. जुनं मशीन घेताना पुष्कळदा इथेच घोळ होतो.

हॅण्डल एकाच बाजूला ओढत असेल तर पंख्याच्या वर छोटं पान असतं (सगळ्या मशीनना नसतं). होडी ज्या बाजूला ओढते त्याच बाजूला पानाचं मागचं टोक थोडं वळवायचं.

आता आपल्या पाण्याचं. पलसाण्याहून मिंढोळा खाली जाते, तिकडे सुरतेला तापी. दोन्हींच्या मुखाशी गाळ, आणि खंबातच्या आखाताची भरती-ओहोटी देशात सर्वांत मोठ्यांत गणली जाते. उधाणाला पाणी धावतच येतं. येताना लाट मागून असते आणि माल पुढं भरलेला असतो. अशा वेळी नाळ दबलेली असेल तर ती पुढच्या लाटेत घुसते, मागची लाट शेपूट फिरवते आणि होडी आडवी होते. इथं पेट्रोलचा नाही, माणसांचा प्रश्न आहे. म्हणून मुखात शिरायच्या आधी शांत पाण्यात थोडा माल मागं घ्या किंवा पिन एक भोक बाहेर करा. समोरून बारीक लाटा असताना मात्र नाळ किंचित खाली असलेली बरी, आपटणं कमी होतं.

ओहोटीला उथळ पाण्यात पाय अर्धवट उचलून चालवायची सोय असते, पण ती फक्त हळू चालण्यासाठी. पाणी ओढायची जाळी बुडलेली राहिली पाहिजे. मागची पाण्याची धार थांबली की लगेच बंद करा.

बटणवाली मोठी मशीन असेल तर निघताना पाय पूर्ण आत, वेग आला की थोडा थोडा बाहेर, आणि हॅण्डल हलकं झालं की तिथंच थांबा. जोरात वळायच्या आधी परत आत.

फायदा झाला की नाही हे अंदाजानं नको. भरती-ओहोटी थांबलेली असताना ठरलेल्या दोन खुणांमध्ये एकाच रेसवर जा आणि या, मोबाइलवर वेग बघा, आणि टाकी परत भरताना किती पेट्रोल लागलं ते मापानं मोजा. मग पिन एक भोक बदलून तसंच पुन्हा करा. जे भोक रिकाम्या होडीला बरं आणि जे भरलेल्या होडीला बरं, त्या दोन्हींशेजारी दोन रंगांनी पेंटचा ठिपका द्या, म्हणजे तांडेल बदलला तरी त्याला कळेल.